क्रॉनची रात्रपाळी

वेबसाइटच्या सर्व्हरवरची बरीचशी कामं कुणी साइट पाहत नसतानाच उरकली जातात. डेटाबेसचा बॅकअप, फुगलेल्या लॉगफायलींची आवराआवर, मुदत संपत आलेल्या वर्गणीदारांना जाणारी ईमेल, सुरक्षा प्रमाणपत्राचं नूतनीकरण. ही कामं रोज हातानं करायची ठरवली, तर एखादा दिवस हुकणारच. म्हणून युनिक्स प्रणालीवर ती क्रॉन नावाच्या प्रोग्रॅमकडे सोपवतात. बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये १९७९ च्या सातव्या आवृत्तीतही क्रॉन होता. १९८७ साली पॉल विक्सी यांनी नव्यानं लिहिलेल्या क्रॉनचे वारसदार आजही असंख्य लिनक्स सर्व्हरांवर राबताहेत.

त्याची रीत सोपी आहे. दर मिनिटाला उठायचं, 'क्रॉनटॅब' नावाची यादी बघायची आणि या मिनिटाचं काम असेल तर ते सुरू करून द्यायचं. यादीच्या प्रत्येक ओळीत आधी पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. त्यापुढे कामाची आज्ञा. '३० २ * * *' म्हणजे रोज पहाटे अडीच वाजता. तारांकन म्हणजे 'कोणताही'. गोम आहे ती तारीख आणि वार यांच्यात. '० ९ १३ * ५' ही ओळ तेरा तारखेला शुक्रवार आला तरच चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती दर तेरा तारखेला चालते आणि दर शुक्रवारीही.

दुसरी गोम घड्याळाची. सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असतो. मध्यरात्रीचं म्हणून लावलेलं काम पुण्यात पहाटे साडेपाचला सुरू होतं. आपल्या मध्यरात्री ते हवं असेल तर वेळ १८:३० लिहावी लागते. शिवाय टर्मिनलवर सुरळीत चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये अनेकदा अडखळते, कारण प्रोग्रॅम कुठे शोधायचे याची क्रॉनला मिळणारी यादी फारच तोकडी असते. आज्ञेत आणि स्क्रिप्टमध्येही प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहिला की हा प्रश्न मिटतो.

या चुका निदान सापडतात तरी. खरा घात होतो तो काम बंद पडूनही कुणाला न कळण्यानं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसचं फोल्डर पुसलं. लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. बॅकअप शोधायला गेले, तर ते नव्हतेच. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे ठरल्या वेळी काम सुरू व्हायचं आणि लगेच थांबायचं. अपयशाची ईमेलही क्रॉन इमानेइतबारे पाठवत होता. पण तिला प्रेषकाच्या खरेपणाची सही नसल्यानं मेल सर्व्हर ती नाकारत होता. सुमारे सहा तास आधी, वेगळ्याच कामासाठी हातानं घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. तरीही मधल्या सहा तासांतले अंदाजे ५,००० प्रकल्प, तेवढ्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती गेली. कंपनीनं हा सगळा तपशील स्वतःहून जाहीर केला, हे तिचं मोठेपण.

माझं ठाम मत असं, की 'बिघडलं तर कळव' एवढ्यावर विसंबणं चूक आहे. निरोप आला नाही याचे दोन अर्थ होतात: सगळं ठीक आहे, किंवा निरोप देणाराच बंद पडला आहे. म्हणून उलटी व्यवस्था करावी. काम नीट पार पडलं की स्क्रिप्टनं दुसऱ्या एखाद्या यंत्राला तसं कळवावं, आणि ठरल्या वेळेत निरोप पोचला नाही तर त्या यंत्रानं ओरड करावी. निरोप धाडण्याआधी बॅकअपच्या फायलीचा आकारही तपासावा. कोरी फाईलही वेळेवर तयार होत असते.

तुमच्या संस्थेची, दुकानाची किंवा शाळेची वेबसाइट असेल, तर ती सांभाळणाऱ्याला एवढंच सांगा: कालचा बॅकअप रिकाम्या मशीनवर उतरवून उघडून दाखवा, आणि त्यातली शेवटची नोंद कालचीच आहे ना ते पाहा.