पेठेचा संघ आणि पाहुणा खेळाडू

कोल्हापुरांतील अनेक फुटबॉल-संघांच्या नांवांत ‘तालीम’ हा शब्द असतो, याचें परक्यास नवल वाटतें. परंतु राजर्षि शाहू महाराजांनीं १९१२ सालीं जेथें खासबागेचें कुस्तीचें मैदान उभें केलें, त्या शहरांत पेठेंतील तरुणांची एकत्र येण्याची जागा तालीमच होती. पुढें चेंडूचा खेळही तिच्याच आश्रयानें वाढला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा हे संघ म्हणूनच घरचे मानले जातात.

त्यामुळें हंगामापूर्वीं खेळाडूंची नोंदणी सुरू झाली कीं कट्ट्याकट्ट्यावर वाद रंगतो. प्रशिक्षक कोण असावा? आघाडीला आफ्रिकेंतील कसलेला खेळाडू आणावा, कीं गल्लींतल्या पोरास संधि द्यावी? चषक हवा, असें एक पक्ष म्हणतो. बाकावर बसलेलें पोर शिकणार केव्हां, असें दुसरा विचारतो. तथ्य दोहोंतही आहे. पाहुण्याबरोबर सराव केल्यानें मुलांचा खेळ सुधारतो. पण सामन्याचा अनुभव सामन्यांतच मिळतो. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच होता.

पाहुणा हंगामापुरता येतो, पेठ कायमची असते. त्यास बोलावतांना त्याच्या शेजारीं आपलें कोणतें पोर खेळणार, हें आधीं ठरवावें.