तळटिपेपासून डीओआयपर्यंत

१८८७ साली प्रागमधील डॉक्टर यारोस्लाव्ह ह्लावा यांनी आमांशावरचा एक निबंध चेक भाषेत प्रसिद्ध केला. शीर्षक होते ‘ओ उप्लाविचि’, म्हणजे ‘आमांशाविषयी’. एका जर्मन नियतकालिकात त्याचा गोषवारा आला तेव्हा लेखकाच्या जागी शीर्षकच छापले गेले आणि ‘ओ. उप्लाविची’ नावाचा एक संशोधक जन्माला आला. पुढची पन्नास वर्षे वैद्यकीय ग्रंथ हे नाव एकमेकांवरून उतरवून घेत राहिले. अखेर १९३८ मध्ये क्लिफर्ड डोबेल या इंग्रज शास्त्रज्ञाने हा घोळ उघडकीस आणला. त्याच्या लेखाचा मथळा मृत्युलेखाला शोभेल असा होता: ‘डॉ. ओ. उप्लाविची (१८८७–१९३८)’.

ज्यांनी ज्यांनी या उप्लाविचीचा हवाला दिला, त्यांच्या संदर्भसूच्या दिसायला चोखच असणार. शोधनिबंध पत्रिकेकडे पाठवण्याच्या आदल्या रात्री आपले संशोधक विद्यार्थी याच चोखपणासाठी जागतात: साल कंसात की शेवटी, आद्याक्षरांनंतर पूर्णविराम द्यायचा की नाही. ती मेहनत वाया जात नाही. पण स्वल्पविरामाइतकाच वेळ मूळ लेख उघडून पाहायला दिला जात नाही, याचे मला फार वाईट वाटते. संदर्भाच्या सगळ्या पद्धती वाचकाला त्या मुळापर्यंत नेण्यासाठीच निघाल्या आहेत.

इंग्रज इतिहासकार गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये आला तेव्हा टिपा ग्रंथाच्या शेवटी होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने मुद्रकाला कळवले की, दर वेळी पाने उलटत मागे जाणे त्रासाचे आहे, टिपा पानाच्या तळाशी द्या. पुढे तसे झाले. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये गोगलगाईच्या अंड्यांवरील निबंधात मजकुरातच लेखकाचे नाव आणि साल देण्याची रीत वापरली. कोणते निरीक्षण आधीचे आणि कोणते नंतरचे, हे वाचकाला वाचता वाचता कळू लागले. आज ‘हार्वर्ड’ म्हणून ओळखली जाणारी लेखक-साल पद्धत मार्क यांच्यापर्यंत मागे नेली जाते. मानसशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेने (एपीए) १९२९ मध्ये आपली नियमावली छापली ती अवघी सात पानांची. त्याच एपीएची २०१९ची सातवी आवृत्ती चारशे पानांपलीकडे गेली आहे. इतिहासकारांचे मात्र लेखक-साल पद्धतीत भागत नाही. पत्र, फर्मान, खटल्याचे कागद यांना कंसात कोंबता येत नाही, म्हणून १९०६ पासून चालत आलेली शिकागो नियमावली तळटिपेची वाटही खुली ठेवते. साहित्याचे अभ्यासक एमएलए पद्धतीकडे वळतात.

वैद्यकाची कथा निराळी. एका पत्रिकेने नाकारलेला लेख दुसरीकडे पाठवायचा तर पूर्वी सगळी सूची नव्या साच्यात पुन्हा टंकलिखित करावी लागे. १९७८ मध्ये काही वैद्यकीय पत्रिकांचे संपादक कॅनडातील व्हँकुव्हरला जमले आणि त्यांनी एकच साचा ठरवला: मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे आणि शेवटी त्याच क्रमाने सूची.

या साच्यातली एक नोंद पाहा: ‘पोर्टर जे, जिक एच’, मग शीर्षक, पत्रिकेचे संक्षिप्त नाव आणि ‘१९८०;३०२:१२३’. एपीएमध्ये हीच नोंद ‘पोर्टर, जे., व जिक, एच. (१९८०)’ अशी सुरू होते. दोन्ही रूपे बिनचूक आहेत. नोंद आहे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या पाच वाक्यांच्या पत्राची. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामके घेतलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांत, फक्त चौघांना व्यसन जडल्याची ठोस नोंद मिळाली, एवढेच त्यात म्हटले होते. २०१७ मध्ये त्याच पत्रिकेत याची छाननी आली. पत्राचा हवाला ६०८ वेळा दिला गेला होता. त्यांतल्या ४३९ लेखांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले आणि ४९१ लेखांनी हे रुग्ण रुग्णालयात होते ही गोष्टच गाळली. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्या माणसाबद्दल ते पत्र काहीच सांगत नव्हते. अमेरिकेत या औषधांनी घडवलेल्या अनर्थामागे या बिनवाचल्या हवाल्यांचाही हात आहे. पाच वाक्ये वाचायला किती वेळ लागतो?

याहून चमत्कारिक प्रकार एका नमुना-नोंदीचा. एल्सेव्हिअर या प्रकाशन संस्थेच्या लेखक-सूचनांमध्ये साचा दाखवण्यासाठी दिलेला, अस्तित्वातच नसलेला एक लेख जवळपास ४०० निबंधांच्या सूचीत जाऊन बसल्याचे संशोधिका अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. नमुना पुसायचा राहून गेला आणि कोणाच्या लक्षात आले नाही.

संदर्भ नोंदवण्याची साधने आता भरपूर आहेत. १९८५ पासून बिबटेक्स, २००६ पासून झोटेरो. २००० मध्ये सुरू झालेल्या क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेमुळे लेखाला ‘१०.’ने सुरू होणारा डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो, आणि २०१२ पासूनच्या ऑर्किड या संशोधक-ओळखीच्या सोळा अंकांमुळे लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे आधीचे काम तिच्यापासून तुटत नाही. ही मला फार मोलाची सोय वाटते. मात्र झोटेरोने ओढून आणलेली माहितीही डोळ्यांखालून घालावीच लागते. चॅटबॉट तर नाव, खंड, पान यांसह संपूर्ण काल्पनिक नोंद रचून देऊ शकतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने असे बनावट निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला.

मराठी शोधनिबंधाच्या अडचणी याहून वेगळ्या आहेत आणि त्यांवर आपल्या पत्रिकांनी एकत्र बसून निर्णय घेतलेला नाही. जुन्या पुस्तकावर ‘शके १८३२’ असते. सॉफ्टवेअरच्या सालाच्या चौकटीत तेच भरले की पुस्तक पाऊणशे वर्षे मागे जाते. ७८ मिळवावेत, पण पौषाच्या सुमारास जानेवारी लागला की ७९; महिना छापलेला नसेल तर ‘१९१०-११’ असेच लिहावे. फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ची, आपल्या हातात असतो राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचा समग्र वाङ्मयाचा खंड. दोन्ही साले द्यायला हवीत, नाहीतर महात्मा फुले विसाव्या शतकात लिहीत होते असे सूची सांगते. लेखक एकच, पण ‘विशाखा’वर नाव कुसुमाग्रजांचे, ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकरांचे. मुखपृष्ठावर जे असेल ते द्यावे आणि दुसऱ्या नावाखाली ‘पाहा’ म्हणून जोडावे. क्षीरसागर हे आडनाव संगणक ‘क’मध्ये लावतो, शाळेची वर्णमाला मात्र ‘क्ष’ शेवटी ठेवते. रोमन लिपीत काणे आणि काने दोघेही ‘केन’सारखेच दिसतात. त्यासाठी आयएसओ १५९१९ ही २००१ची लिप्यंतर-पद्धत आहे, पण वापरणारे थोडे.

आणि कागदपत्रे. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. कोणत्याही परदेशी नियमावलीत ‘रुमाल’ नावाचा रकाना सापडणार नाही. तरीही ‘पेशवे दप्तर, पुणे’ एवढ्यावर थांबलेल्या टिपा मी सर्रास पाहते. दप्तराचे नाव, विभाग, रुमाल क्रमांक, कागदाची मूळ तिथी, पाठवणारा आणि घेणारा, हे सगळे टिपेत असले पाहिजे. कागद इतिहासकार सरदेसाईंनी संपादित केलेल्या ४५ खंडांत छापलेला असेल तर खंड आणि लेखांक द्यावा, आणि मूळ पाहिले की छापील, हेही स्पष्ट लिहावे. ही माहिती कागद हातात असतानाच वहीत टिपून घ्यावी लागते. रुमाल बांधून परत गेला की ती पुन्हा मिळवायला पुण्याची दुसरी फेरी पडते.