डिजिटल अध्यापन आणि रामजोशींची लावणी

उच्च शिक्षणातील डिजिटल अध्यापनाची चर्चा बहुधा सोयीच्या अंगाने होते. दुर्मीळ ग्रंथ घरबसल्या पडद्यावर मिळतात, हा लाभ निर्विवाद आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र वेगळा प्रश्न विचारावा लागतो : माध्यम बदलले की ज्ञान कशाला म्हणावयाचे, हेही बदलते काय?

ऑक्टोबर २०२० मध्ये महामारीमुळे राज्यातील अनेक विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन व बहुपर्यायी स्वरूपात घेतल्या. त्या पद्धतीत सोलापूरच्या शाहीर रामजोशींचे काय होते, ते पाहावे. ते कोणत्या गावचे, कीर्तनांतून त्यांनी कोणाच्या आर्या लोकप्रिय केल्या, हे चार पर्यायांत विचारता येते. ‘सोलापूर’, ‘मोरोपंत’ एवढ्यावर गुणही मिळतात. परंतु विद्वान घराण्यातील हा पुरुष तमाशाकडे का वळला, संस्कृतप्रचुर शब्दकळा लावणीच्या ठेक्यात कशी बसते, फडावरचा शाहीर कीर्तनकार झाला तेव्हा त्याच्या वाणीत काय टिकले, या प्रश्नांना पर्याय देता येत नाहीत. तेथे लावणी मोठ्याने वाचावी लागते, अडखळावे लागते. जे यंत्राला तपासता येत नाही ते हळूहळू विचारलेच जात नाही, आणि मग शिकविलेही जात नाही.

सोलापूरच्या वर्गात तर घरी तेलुगू, कन्नड वा उर्दू बोलणारे विद्यार्थीही असतात. समोरचा चेहरा गोंधळला की अध्यापक दुसरा शब्द शोधतो; मुद्रित व्याख्यान आपणहून थांबत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करण्यास मुभा दिली. त्यात साहित्याचा कोणता भाग जावा, हे ठरविण्यापूर्वी मराठी विभागांनी एवढे तपासावे की, विद्यार्थ्याचे दीर्घ उत्तर वाचणारा कोणी तेथे आहे काय.