उत्क्रांतिजन्य आज्ञावली

संगणकाने करावयाच्या कामाच्या सर्व पायऱ्या माणसाने स्वतः लिहून न देता, जीवसृष्टीतील उत्क्रांतीच्या धर्तीवर बदल व निवड यांची पुनरावृत्ती करून आपोआप मिळविलेली आज्ञावली म्हणजेच प्रोग्रॅम. या तंत्राची सर्वांत परिचित शाखा जेनेटिक प्रोग्रॅमिंग या नावाने ओळखली जाते. यात माणूस काम कसे करावयाचे ते सांगत नाही. काम चांगले झाले हे कसे ओळखावयाचे, एवढेच ठरवून देतो. या तंत्राचे सामर्थ्य व त्याचे धोके ही दोन्ही या एकाच गोष्टीतून उद्‌भवतात.

इतिहास : ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांनी १९५० मध्ये विचार करणाऱ्या यंत्रांविषयीच्या आपल्या निबंधात ही कल्पना सूचित केली होती. यंत्राची रचना म्हणजे आनुवंशिक द्रव्य, तीत होणारे बदल म्हणजे उत्परिवर्तने आणि प्रयोगकर्त्याचा निर्णय म्हणजे नैसर्गिक निवड, अशी तुलना त्यांनी केली. १९५८ मध्ये आर. एम. फ्रीडबर्ग यांनी ६४ आज्ञांच्या छोट्या आज्ञावलीत यदृच्छ फेरफार करून तिला साधी कामे शिकविण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यास फारसे यश आले नाही. १९६६ मध्ये लॉरेन्स फोगेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिन्हांच्या क्रमाचे भाकीत करणारी यंत्रप्रतिमाने कृत्रिम उत्क्रांतीने घडविली. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संकराला महत्त्वाचे स्थान दिले. १९८५ मध्ये निकल क्रेमर यांनी वृक्षाकार आज्ञावलींचा संकर करण्याची पद्धत मांडली. हॉलंड यांचे विद्यार्थी जॉन कोझा यांनी १९९२ मधील ग्रंथात तिचा विस्तार केल्यावर या शाखेला स्थिर स्वरूप आले.

कार्यपद्धती : गणितातील कोणतीही राशी वृक्षाच्या रूपात मांडता येते. उदा., ‘क्ष गुणिले क्ष, अधिक १’ या राशीत बेरजेचे चिन्ह मुळाशी येते. त्याच्या एका फांदीवर गुणाकार व दुसरीवर १ हा अंक असतो आणि गुणाकाराच्या दोन्ही टोकांना क्ष असतो. अशा वृक्षाची एक फांदी तोडून तिच्या जागी दुसऱ्या वृक्षाची फांदी लावली, तरी सामान्यतः अर्थपूर्ण राशीच तयार होते. सलग लिहिलेल्या आज्ञा मध्येच तोडल्या, तर असे होईलच याची खात्री नसते.

प्रथम अशा शेकडो वा हजारो आज्ञावली यदृच्छ रीतीने निर्माण करतात. प्रत्येक आज्ञावली नमुन्याच्या उदाहरणांवर चालवून तिची पात्रता अंकांत मोजतात. अधिक पात्र आज्ञावलींना पुढील पिढीत जाण्याची संधी अधिक मिळते. त्यांच्या जोड्यांमध्ये फांद्यांची अदलाबदल म्हणजे संकर आणि एखाद्या फांदीत यदृच्छ बदल म्हणजे उत्परिवर्तन होय. समाधानकारक आज्ञावली मिळेपर्यंत अथवा ठरविलेल्या पिढ्या संपेपर्यंत हे चक्र चालू राहते. पिढ्यांगणिक वृक्षांत निरुपयोगी फांद्या साचून ते फुगत जातात. म्हणून त्यांच्या आकारावर मर्यादा घालावी लागते.

उपयोग : मोजलेल्या सामग्रीवरून तीमागील सूत्र शोधणे, विद्युत्‌ मंडलांचा आराखडा करणे इ. कामांसाठी हे तंत्र वापरतात. २००६ मध्ये नासाने सोडलेल्या स्पेस टेक्नॉलॉजी ५ या मोहिमेतील लघुउपग्रहांवर बसविलेला एक आकाशक (अँटेना) अशा उत्क्रांतीने घडविलेला होता. वेड्यावाकड्या तारेसारखा दिसणारा त्याचा आकार सहसा कोणा अभियंत्याला सुचला नसता.

मर्यादा : उत्क्रांती माणसाचा हेतू जाणत नाही, ती फक्त कसोटी उतरून जाते. संख्या चढत्या क्रमाने लावणाऱ्या एका सदोष आज्ञावलीची दुरुस्ती या तंत्राने करण्यात आली, तेव्हा उत्तरातील संख्या क्रमाने आहेत की नाहीत एवढेच कसोटीत तपासले जात होते. उत्क्रांत झालेली आज्ञावली प्रत्येक वेळी रिकामी यादी परत करू लागली. रिकाम्या यादीत क्रम चुकण्याचा प्रश्नच नसल्याने ती कसोटीला उतरली. २००९ पासून आज्ञावलींतील दोष आपोआप दूर करण्याच्या कामी हे तंत्र वापरले गेले व त्याच्या यशाची बरीच चर्चा झाली. तथापि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत असे आढळले की, अशा दुरुस्त्यांपैकी बहुसंख्य खऱ्या नव्हत्या. पुष्कळ ठिकाणी त्रास देणारा भागच निकामी करण्यात आला होता.

अलीकडे यदृच्छ बदलांऐवजी भाषाप्रतिमानांनी सुचविलेले बदल वापरले जातात. गूगल डीपमाइंड या संस्थेच्या अल्फाइव्हॉल्व्ह या प्रणालीने २०२५ मध्ये संमिश्र संख्यांच्या ४ × ४ सारण्यांचा गुणाकार ४८ गुणाकारांत करण्याची रीत शोधली. फोल्कर श्ट्रासेन यांच्या १९६९ मधील रीतीने त्यास ४९ गुणाकार लागत. येथे उत्तराची अचूकता गणिताने निर्विवादपणे तपासता येते. जेथे अशी कसोटी उपलब्ध नसते, तेथे उत्क्रांत झालेली आज्ञावली वापरण्यापूर्वी ती माणसाने वाचून पारखणे आवश्यक ठरते.