पीटीचे सर, आठ वेळा आमदार

सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले, हे आपल्याला ठाऊक असतं. शेजारच्या कर्नाटकातही असा एक विक्रमवीर आहे. सभागृह तेवढं वेगळं. बसवराज होरट्टी बंगळुरूच्या विधान परिषदेवर १९८० साली पहिल्यांदा निवडून गेले आणि मग दर सहा वर्षांनी जातच राहिले. २०२२ ची निवडणूक आठवी!

राजकारणात येण्याआधी ते काय करत होते? गायिका गंगूबाई हनगल यांच्या हुबळीत शाळेत पीटी शिकवत होते. शिट्टी वाजवून पोरांना रांगेत उभं करणारा मास्तर पुढे सभापतींच्या खुर्चीवर बसला.

आठही वेळा मतदारसंघ एकच, पश्चिम शिक्षक मतदारसंघ. धारवाड, हावेरी, गदग आणि कारवारचा उत्तर कन्नड, असे चार जिल्हे त्यात येतात. मतदार फक्त शिक्षक. तेही माध्यमिक शाळेपासून वरचे, आणि मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेले. पहिलीच्या बाईंना इथे मत नाही! उमेदवार मात्र स्वतः शिक्षक असायलाच हवा, असं बंधन नाही. मत देताना शिक्का मारायचा नसतो, पसंतीचे आकडे लिहायचे असतात: १, २, ३. एवढ्या छोट्या मतदारसंघात सभा गाजवून भागत नाही. कोणत्या गावच्या शाळेचं अनुदान अडलंय, कोणाची बदली रखडलीय, हे माहीत असावं लागतं. होरट्टींनी पक्ष बदलला, जनता दल (धर्मनिरपेक्ष) सोडून २०२२ मध्ये भाजपमधून उभे राहिले, तरी निवडून आलेच. माझ्या मते ही मतं पक्षापेक्षा माणसाला पडलेली आहेत.

आपण विधानसभेच्या आणि परिषदेच्या, दोन्ही सदस्यांना ‘आमदार’च म्हणतो. कानडीत ‘शासक’ म्हणजे विधानसभेचा. परिषदवाल्याला ‘विधान परिषत् सदस्य’ असं लांबलचक म्हणावं लागतं.

परिषदेचा हिशेब असा. कर्नाटकात ७५ जागा, महाराष्ट्रात ७८. शिक्षकांच्या जागा दोन्हीकडे सात-सातच. परिषद कधी बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. देशात अशी सभागृहं फक्त सहा राज्यांत आहेत.

आणि परिषदेची इमारत! विधान सौधची पायाभरणी पंडित नेहरूंनी १३ जुलै १९५१ रोजी केली. मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्यांनी ग्रॅनाइटची ही वास्तू हट्टाने उभी करून घेतली. तिच्या दर्शनी भागावर कानडीत कोरलंय की सरकारचं काम हे देवाचं काम. समोरची लाल इमारत पाहिली की मराठी माणूस हमखास थबकतो, कारण तिचं जुनं नाव ‘अठारा कचेरी’. सरकारची अठरा खाती तिथे होती. भाषांतर लागतच नाही! आज तिथे उच्च न्यायालय आहे.

होरट्टींच्या कारकिर्दीतलं सर्वांत वादळी प्रकरण भाषेचं. कर्नाटक सरकारने १९९४ मध्ये आदेश काढला होता, की पहिली ते चौथीचं शिक्षण मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच. कित्येक खासगी शाळांनी कन्नड माध्यमाची परवानगी घेतली आणि वर्गात इंग्रजी माध्यम चालवलं. २००६ मध्ये होरट्टी शिक्षणमंत्री होते. त्यांनी अशा दोन हजारांहून अधिक शाळांची मान्यताच काढून घेतली. राज्यभर पालक हवालदिल झाले, संस्थाचालक कोर्टात गेले. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सक्ती अमान्य केली. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनीही सांगितलं, की माध्यम निवडण्याचा हक्क मुलाचा आणि त्याच्या वतीने पालकांचा, सरकार ते लादू शकत नाही. मातृभाषेतून शिकण्याबद्दलची होरट्टींची तळमळ मला पटते. पण परवानगी एका माध्यमाची आणि शिकवणी दुसऱ्याची, हा खोटेपणा संस्थाचालकांचा होता. मान्यता काढल्यावर घोर लागला तो मुलांच्या आईबापांना. दंडाची दिशा चुकली, असं माझं स्पष्ट मत आहे.

१५ डिसेंबर २०२० रोजी याच परिषदेत उपसभापतींना खुर्चीवरून ओढून काढण्यात आलं. देशाने टीव्हीवर पाहिलेलं ते दृश्य वरिष्ठ सभागृहाला शोभणारं नव्हतं. त्यानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये सभापती म्हणून निवडलं गेलं ते होरट्टींना. डिसेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा सभापती झाले, तेही बिनविरोध आणि बेळगावच्या अधिवेशनात.

एका सदस्याच्या हातून केवढं काम होऊ शकतं, याचा आपला दाखला म्हणजे वि. स. पागे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते, आणि रोजगार हमी योजना ही त्यांचीच कल्पना.

तर माध्यमिक शाळेत किंवा कॉलेजात शिकवणाऱ्या वाचकांनो, एक गोष्ट विसरू नका. शिक्षक मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीआधी कोरी करून नव्याने बनते, मागच्या वेळचं नाव आपोआप पुढे येत नाही. नोंदणी सुरू झाली की नमुना १९ भरून द्या.