संगणक सुरू होत नाही? फॉरमॅटची घाई नको

घरातला संगणक सुरू होईनासा झाला की बहुतेकांच्या तोंडी एकच निदान असते : ‘विंडोज उडाली.’ दुरुस्तीसाठी आलेला माणूसही पुष्कळदा त्यावरच विसंबतो, ‘फॉरमॅट मारावे लागेल’ असे सांगतो आणि दोन-तीन तासांत संगणक नव्याने उभा करून देतो. संगणक चालू होतो खरा. पण लग्नाची छायाचित्रे, आयकराची जुनी विवरणपत्रे, मुलांचे प्रकल्प, सोसायटीचे हिशेब यांतले काय काय गेले, हे पुढे आठवडाभर एकेक करून लक्षात येत राहते. वास्तविक संगणक सुरू न होणे आणि हार्ड डिस्कवरील मजकूर नष्ट होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली घडली म्हणून दुसरी घडवून आणण्याचे काही कारण नसते.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत संगणक ठरावीक क्रमाने पुढे जातो. प्रथम एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याचा डबा, मदरबोर्डला वीज देतो. मग मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला छोटा प्रोग्रॅम (जुन्या यंत्रांत बायोस, नव्या यंत्रांत यूईएफआय) जागा होतो व प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स यांची हजेरी घेतो. हजेरी पुरी झाली की तो विंडोज असलेली डिस्क शोधतो आणि सूत्रे बूट लोडरच्या हाती देतो. त्यानंतर विंडोजचा गाभा, ड्रायव्हर आणि शेवटी पासवर्डचा पडदा. तेव्हा गाडी कुठल्या स्थानकावर अडली, हे आधी पाहावे. पंखा फिरतो का, पडद्यावर एखादे तरी अक्षर उमटते का, विंडोजचे चिन्ह दिसते का, एवढ्या तीन प्रश्नांनी निम्मे निदान होते.

पंखाच फिरत नसेल तर संशय विजेवर घ्यावा. सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, कॅबिनेटमागचा एसएमपीएसचा छोटा स्विच आणि सैल झालेली वायर या गोष्टी हास्यास्पद वाटल्या तरी आधी तपासाव्यात. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग चार्जर जोडून पुन्हा प्रयत्न करावा. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये काही काळ विजेचा भार शिल्लक राहतो आणि तो जबर झटका देऊ शकतो.

पंखा फिरतो पण ‘डिस्प्ले येत नाही’ ही तक्रार कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात सर्रास ऐकू येते. मॉनिटरची केबल योग्य जागी आहे याची खात्री करावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रात ती त्या कार्डालाच जोडायला हवी. तेथे दोष नसेल तर बहुधा अपराधी रॅम असते. दमट हवेने व धुळीने तिच्या सोनेरी पट्ट्यांचा खाचेशी संपर्क नीट होत नाही. अशा वेळी मुख्य वायर काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, अंगातील स्थिर वीज निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा आणि मग दोन्ही टोकांच्या खिट्ट्या सोडवून रॅम बाहेर काढावी. पट्ट्या पेन्सिलच्या साध्या खोडरबरने हलकेच पुसाव्यात, चुरा झटकावा आणि खिट्ट्या ‘टक’ असा आवाज करून बसतील इतपत रॅम परत दाबावी. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहावी. लॅमिंग्टन रोडवरील जुने कारागीर पहिला हात याच कामाला घालतात, आणि ते बरोबरच आहे.

दर वेळी घड्याळ काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी, ३ व्होल्टची ‘सीआर २०३२’ बॅटरी संपली असे समजावे. ती संपली की बायोसमधील सेटिंग पुसली जाते आणि कधी कधी यंत्र भलत्याच डिस्कमध्ये विंडोज शोधू लागते. बॅटरी स्वस्त आहे आणि बदलणे सोपे आहे. पण त्याआधी पुढे सांगितलेली कळ हाताशी असावी.

काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशा अर्थाची ओळ आली, तर आधी मागेपुढे लावलेले पेन ड्राइव्ह काढावेत. विंडोज एक्सपीच्या काळात ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी हाच गोंधळ घालीत असे. त्यानंतर बायोसच्या पडद्यावर डिस्कचे नाव दिसते का ते बघावे. दिसत असेल तर बूटचा क्रम किंवा विंडोजच्या फायली बिघडल्या असण्याचा संभव अधिक; दिसत नसेल तर केबल तरी सुटली आहे किंवा डिस्क तरी गेली आहे. हार्ड डिस्कमधून ‘टिक टिक’ आवाज येत असेल, तर यंत्र ताबडतोब बंद करावे. पुनःपुन्हा चालू करून पाहण्याने वाचू शकणारा मजकूरही जातो.

विंडोजचे चिन्ह दिसून यंत्र तेथेच घुटमळत असेल, तर बहुधा अलीकडचे एखादे अपडेट वा ड्रायव्हर आडवा आलेला असतो. सुरू होण्याचा प्रयत्न सलग दोन-तीनदा फसला की विंडोज आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवते. तेथे ‘ट्रबलशूट’मधून स्टार्टअप रिपेअर, सिस्टिम रिस्टोअर, अपडेट काढून टाकणे आणि सेफ मोड हे मार्ग मिळतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातही काही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. ही यंत्रे मोडली नव्हती. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणे, हाच त्यावरचा मुख्य उपाय होता.

त्या दिवशी अनेकांना खरी अडचण आली ती बिटलॉकरची. डिस्कवरील मजकूर सांकेतिक करून ठेवणारी ही सोय आता घरगुती संगणकांतही नकळत चालू असते. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने मांडणी केलेल्या बहुतेक यंत्रांत ती आपोआप सुरू होते. बायोसमध्ये बदल झाला, मदरबोर्ड बदलला किंवा दुरुस्तीच्या पडद्यावर गेले की यंत्र ४८ अंकी कळ मागू शकते. ही कळ सहसा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते व मोबाइलवरूनही पाहता येते. ती नसेल तर मायक्रोसॉफ्टलाही ती डिस्क उघडता येत नाही. यंत्र धडधाकट असतानाच ती कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

उपाय थकले तरीही फॉरमॅटआधी मजकूर बाहेर काढता येतो. दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारखे लिनक्स पेन ड्राइव्हवर चढवावे, बंद पडलेला संगणक त्यावरून सुरू करावा आणि फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. अथवा डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालावी आणि दुसऱ्या यंत्राला जोडावी. मग ‘रिसेट’ करताना फायली राखण्याचा पर्याय निवडला, तरी प्रोग्रॅम जातात. श्रीलिपीसारखे मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर आणि त्याचे फाँट पुन्हा टाकावे लागतात.

दुरुस्तीवाल्याला ‘फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करा, डी मध्ये सगळे आहे’ असे सांगून निर्धास्त होणारे बरेच असतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही ठिकाणे सहसा सी ड्राइव्हवरच असतात. शिवाय डिस्कची वाटणी नव्याने केली तर डी देखील जाते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी कोणते फोल्डर वाचवायचे, ते कागदावर लिहून द्यावे. आणि डिस्क बदलली असेल, तर जुनी डिस्क मागून घरी न्यावी.