पक्षाघातानंतरचा हात: रोबोट, गेम आणि पत्ते

पक्षाघातानंतर हात सुधारतो तो त्याच हालचाली शेकडो वेळा केल्याने. मेंदूचा शाबूत भाग हळूहळू ते काम शिकतो. रोबोटचा उपयोग इथेच. रुग्णाने हात पुढे न्यायला सुरुवात करायची, कमी पडलेला जोर यंत्र लावतं. यंत्राच्या पडद्यावरच्या खेळामुळे कंटाळाही कमी येतो.

पण ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या चाचणीत (२०१९) नेहमीच्या उपचारांपेक्षा रोबोटने हाताच्या कामात सरस सुधारणा दिसली नाही. टोरोंटोच्या डॉक्टरांनी चालवलेल्या चाचणीत (२०१६) व्हिडिओ गेम खेळणारे आणि पत्ते किंवा जेंगा (ठोकळ्यांचा खेळ) खेळणारे सारखेच सुधारले. म्हणून महागडं यंत्र परवडत नसेल तर खचू नका. पत्ते पिसणं, अंगठ्याने एकेक पान सरकवणं हाही बोटांचा खरा व्यायाम आहे. किती वेळ करायचा, ते फिजिओथेरपिस्टला विचारा.